फायरमन खोटं बोलला, असं कंपनी म्हणते. मग कोर्ट नेमकं काय बघतं?

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेले अं-अं आणि मध्येच वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसंच्या तसं.)

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनी बसमध्ये इअरफोन घालून बसला असाल, तर आजचा एपिसोड तुमच्याच भागातला आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याची परवानगी घेऊन सांगतोय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

"दादा, माझा मोठा भाऊ चाकणला एका कंपनीत फायर टीममध्ये आहे. नऊ वर्षं झाली. त्याला चार्जशीट दिलंय. म्हणतात, हायड्रंट पंपाची टेस्ट न करता रजिस्टरमध्ये 'टेस्ट ओके' लिहून सही केली. अप्रामाणिकपणा केला. सस्पेंड केलंय. भाऊ म्हणतो, मी टेस्ट केली होती. एचआर म्हणतं, सीसीटीव्हीत तू पंप हाऊसकडे गेलेला दिसत नाहीस. काढून टाकणार हे नक्की आहे. आम्ही डायरेक्ट कोर्टात जायचं का?"

मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण या प्रश्नावर सुप्रीम कोर्टाचे निकाल बरेच आहेत आणि ते वाचता येतात. मी वाचले. त्यातून जे समजलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे स्टॉप यायच्या आत मुद्दा पोचेल.

कोर्टात जाता येतं. पण कोर्ट साधारणपणे "हा माणूस खरं बोलत होता का?" इथून सुरुवात करत नाही. ते आधी विचारतं, "तो खोटं बोलला हे तुम्ही कसं ठरवलंत?" म्हणजे लढाईचा मोठा भाग कोर्टात होतच नाही. तो कंपनीच्या त्या छोट्या मीटिंग रूममध्ये होतो, जिथं चौकशी अधिकारी बसलेला असतो. तिथं तुम्ही काय विचारलंत, काय मागितलंत आणि काय लिहून घेतलंत, यावर पुढची पाच-दहा वर्षं ठरतात.

'अप्रामाणिकपणा' हा शब्द इतका जड का?

कंपनीत उशिरा येणं, गैरहजर राहणं, साहेबाशी वाद घालणं, हे सगळं गैरवर्तनच. पण मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, मालकाच्या धंद्याशी किंवा मालमत्तेशी संबंधित चोरी, फसवणूक आणि अप्रामाणिकपणा यांचा एक वेगळा आणि गंभीर गट आहे. उशीर माफ होतो. विश्वास गेला की कंपनी म्हणते, हा माणूस परत नको. आणि कोर्टंही बहुतेक वेळा मालकाचं हे म्हणणं मान्य करतात.

महाराष्ट्रातलंच ताजं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं वेस्टर्न कोलफिल्ड्सचा निकाल दिला. त्याच निकालात आपल्या एसटीच्या कंडक्टरांच्या केसेसही होत्या. कोळसा कंपनीतल्या कर्मचाऱ्यानं जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवल्याचा आरोप सिद्ध झाला होता. कंडक्टरांवर तिकिटाच्या पैशांच्या अफरातफरीचा आरोप होता. प्रश्न होता ग्रॅच्युइटीचा. फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली नसतानाही ती जप्त करता येते का? कोर्ट म्हणालं, येते. खातेनिहाय चौकशीत नैतिक अधःपतनाचं गैरवर्तन सिद्ध झालं असेल तर तेवढं पुरे. कोळसा कंपनीच्या बाबतीत पूर्ण जप्ती कायम राहिली. कंडक्टरांच्या बाबतीत कोर्टानं ती २५ टक्क्यांवर आणली.

म्हणजे बघा, पोलीस केस नाही, जज्ज नाही, तरी कंपनीतल्या चौकशीचा एक कागद तुमच्या आयुष्यभराच्या साठवणीला हात घालू शकतो. म्हणून ती चौकशी हलक्यात घ्यायची नाही.

आणि फायरमनच्या नोंदीला तर आणखी वजन असतं. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत काम करणाऱ्या बायका होरपळल्या, आणि मृतांचा आकडा पुढचे कित्येक दिवस वाढत गेला. आपल्या भागातल्या कुणालाही ते विसरता येणार नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्या प्रमाणपत्राखाली शेवटी रोजच्या रजिस्टरमधल्या सह्याच असतात. त्यामुळे "एका सहीचा एवढा काय बाऊ?" असं मी म्हणणार नाही. खोटी सही केली असेल तर ते गंभीर आहे. पण गंभीर आहे म्हणूनच ते नीट सिद्धही करायला लागतं.

दोन निकाल, एकच प्रश्न: पुरावा किती लागतो?

सिनेमात बघून आपल्याला वाटतं, गुन्हा 'संशयातीत' सिद्ध व्हायला पाहिजे. ते फौजदारी कोर्टात. कंपनीच्या किंवा खात्याच्या चौकशीत माप वेगळं आहे. तिथं "हे घडलं असण्याची शक्यता जास्त वाटते का?" एवढंच बघतात.

पहिला निकाल १९७७ चा. हरियाणाच्या बसमधला एक कंडक्टर. तपासणी पथकाला बसमध्ये पैसे दिलेले पण तिकीट न मिळालेले प्रवासी सापडले. चौकशीत त्या प्रवाशांपैकी कुणालाच साक्षीला बोलावलं नाही. कंडक्टर म्हणाला, मग पुरावा कुठाय? सुप्रीम कोर्टानं म्हटलं, खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे कडक नियम लागत नाहीत. पथकाच्या अधिकाऱ्यानं स्वतः येऊन सांगितलंय. काहीतरी विश्वासार्ह पुरावा आहे ना, मग आम्ही तो किती वजनाचा ते तोलत बसणार नाही. बडतर्फी कायम.

दुसरा निकाल कुलदीप सिंह यांचा, १९९९ च्या निकालग्रंथांत छापलेला. दिल्ली पोलिसातला शिपाई. आरोप असा की मजुरांना द्यायला दिलेल्या पैशातले काही त्यानं खिशात घातले. चौकशीत तक्रार करणाऱ्या मजुरांना आणलंच नाही. त्यांचे आधीचे लेखी जबाब वापरले. जी साक्षीदार आली, तिच्या सांगण्यातून आरोप सिद्ध होत नव्हता. तरी चौकशी अधिकाऱ्यानं दोषी ठरवलं. सुप्रीम कोर्टानं तो निष्कर्षच रद्द केला आणि त्याला परत कामावर घ्यायला लावलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: थोडा पुरावा असेल तर आम्ही हात घालणार नाही, पण पुरावाच नसेल आणि कुणाही शहाण्या माणसाला तसा निष्कर्ष काढता येणार नसेल, तर आम्ही गप्प बसणार नाही.

दोन्हीकडे मूळ तक्रारदार आले नव्हते. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी प्रत्यक्ष बघणारा अधिकारी समोर होता. दुसऱ्या ठिकाणी आरोपाला आधार देणारं कुणीच उरलं नव्हतं.

आता आपल्या श्रोत्याच्या भावाकडे या. त्याच्याविरुद्ध मुख्य पुरावा आहे सीसीटीव्ही. इथं माझा धंदा कामाला येतो. आम्ही दिवसभर लॉग बघतो, आणि पहिल्याच वर्षी शिकतो की लॉग म्हणजे काय घडलं ते नव्हे, मशीननं काय नोंदवलं ते. दोन मशीनच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक असणं अगदी रोजचं आहे. डीव्हीआरचं घड्याळ कुणी कधी जुळवलं होतं? गेटवरच्या कार्ड रीडरची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ एकच आहे का? पंप हाऊसला दुसऱ्या बाजूनं दार आहे का? त्या दाराकडे कॅमेरा आहे का? फुटेज सलग आहे की हालचाल झाली तरच रेकॉर्ड होतं? पंपाच्या पॅनेलवर चालू तासांचा मीटर असेल, तर त्या दिवशीचं रीडिंग काय होतं?

हे प्रश्न नंतर कोर्टात सुचून फार उपयोग नाही. ते चौकशीतच विचारायचे, फुटेज सादर करणाऱ्या माणसाला, आणि उत्तरं कामकाजाच्या कागदावर उतरवून घ्यायची. फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून "अमुक तारखेचं, अमुक कॅमेऱ्यांचं पूर्ण फुटेज आणि पंप पॅनेलची नोंद जपून ठेवा व मला प्रत द्या" हा अर्ज आजच लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. दिलं तर उत्तमच. नाही दिलं तर 'मागितलं होतं, दिलं नाही' हा तुमचा मुद्दा तयार झाला.

काढण्याआधी ऐकून घ्या: हा नियम सगळीकडे का सापडतो?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये जेम्स लाउडरमिल नावाचा शाळांचा सुरक्षारक्षक होता. नोकरीच्या अर्जात त्यानं गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली नसल्याचं लिहिलं. नंतर सापडलं की १९६८ मध्ये चोरीच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली होती. 'अर्जात अप्रामाणिकपणा' म्हणून त्याला काढलं. त्याचं म्हणणं होतं, मला तो किरकोळ गुन्हा वाटत होता. पण हे सांगायची संधी काढण्याआधी मिळालीच नाही. १९८५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा सरकारी नोकराला काढण्याआधी आरोप सांगा, पुरावा सांगा आणि त्याची बाजू ऐका.

बघा, तो खोटं बोलला की चुकला, हे कोर्टानं ठरवलंच नाही. "विचारलंत का?" एवढंच विचारलं.

आपल्याकडे ही गोष्ट नैसर्गिक न्यायाची तत्त्वं म्हणून आधीपासून आहे. खाजगी कारखान्यात ती स्टँडिंग ऑर्डर्समधून येते. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या अग्निशमन दलातल्या, म्हणजे संत तुकारामनगरच्या मुख्य केंद्रासारख्या ठिकाणी कायम असलेल्या जवानाच्या बाबतीत ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ५६ मधून आणि सेवा नियमांतून येते. एक गैरसमज काढतो. संविधानाचं कलम ३११ राज्य आणि केंद्राच्या नागरी सेवेतल्या लोकांना संरक्षण देतं, महापालिकेच्या नोकराला ते थेट लागत नाही. पण महापालिका मनमानी करू शकत नाही, कारण कलम १४ तिला लागतंच.

यातून चौकशीत तुम्हाला काय मिळायला हवं?

एक, नेमका आरोप. "अप्रामाणिक वर्तन केले" एवढं पुरत नाही. कोणती तारीख, कोणती पाळी, कोणती नोंद, ते लिहिलेलं हवं.

दोन, ज्या कागदांवर आरोप उभा आहे ते बघायला मिळणं.

तीन, साक्षीदारांची उलटतपासणी. आणि आपले साक्षीदार आणायची संधी.

चार, सोबतीला माणूस. साधारणपणे सहकारी कामगार किंवा युनियनचा प्रतिनिधी चालतो. वकील सहसा देत नाहीत. पण इथं मुंबई पोर्ट ट्रस्टचा १९८२ चा निकाल आहे. तिथं एका कर्मचाऱ्याविरुद्धच्या चौकशीत पोर्ट ट्रस्टनं आपल्या बाजूनं कायदा विभागातले अधिकारी उभे केले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. सुप्रीम कोर्टानं म्हटलं, एका बाजूला कायद्यात मुरलेला माणूस असेल तर दुसऱ्याला एकटं सोडता येणार नाही. म्हणजे कंपनीनं वकील किंवा कायदा अधिकारी बसवला, की तुम्हीही लेखी मागणी करायची.

पाच, चौकशी अहवालाची प्रत. हे फार लोक विसरतात. १९९३ मध्ये ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की शिक्षा ठरवण्याआधी अहवाल कर्मचाऱ्याला द्यायचा आणि त्यावर त्याचं म्हणणं घ्यायचं. सरकारी असो की खाजगी. पण त्याच निकालात पुढचंही आहे: अहवाल दिला नाही म्हणून आपोआप सुटका होत नाही. न दिल्यानं तुमचं काय नुकसान झालं, ते दाखवावं लागतं.

घरात पैसा नसेल तर चौकशीला जाणार कसं?

आता माझ्या मनात राहिलेली केस. कॅप्टन एम. पॉल अँथनी. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणींत, भारत गोल्ड माइन्समध्ये सुरक्षा अधिकारी. जून १९८५ मध्ये पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा टाकला. साडेचार ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि १२७६ ग्रॅम सोनं असलेली वाळू सापडली, असा दावा होता. खाणीची राखण करणाऱ्यावरच सोनं चोरल्याचा आरोप.

निलंबन झालं. निलंबनात निर्वाह भत्ता मिळायला हवा, तो मिळाला नाही. ते केरळला आपल्या घरी गेले होते, आणि तिथून चौकशीला यायला पैसे नव्हते. चौकशी त्यांच्याशिवाय झाली. जून १९८६ मध्ये बडतर्फी. फेब्रुवारी १९८७ मध्ये फौजदारी कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं, छापाच सिद्ध झाला नाही. कंपनी म्हणाली, ते वेगळं, चौकशी वेगळी.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला मार्च १९९९ मध्ये. कोर्टानं दोन गोष्टी धरल्या. भत्ता न दिल्यामुळे माणूस येऊ शकला नसेल, तर ती चौकशी न्याय्य नाही. आणि दोन्हीकडे पुरावा तोच असेल, तेच पोलीस आणि तेच पंच, तर एकीकडे छापा खोटा आणि दुसरीकडे खरा असं होऊ शकत नाही. त्यांना न्याय मिळाला. पण १९८५ ते १९९९ मोजा. चौदा वर्षं.

एक इशारा. या निकालावरून "पोलीस केसमधून सुटलो की नोकरी परत" असा अर्थ काढू नका. पुरावा वेगळा असेल किंवा नुसता संशयाचा फायदा मिळाला असेल, तर चौकशीचा निकाल टिकतो. नंतरचे कितीतरी निकाल तसेच आहेत.

आपल्या श्रोत्याला लगेच लागू होणारी गोष्ट म्हणजे भत्ता. नियम असा की निलंबनाचे पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, आणि कामगारामुळे उशीर होत नसेल तर त्यानंतर ७५ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे, आणि चौकशी साधारणपणे निलंबनापासून ९० दिवसांत संपवावी असंही आहे. भत्ता येत नसेल तर भिडस्तपणा करू नका. लेखी मागा.

फॉर्ममधला 'नाही'

हा भाग आमच्यासारख्या आयटीवाल्यांनाही लागतो, आणि फायर ब्रिगेडच्या भरतीची तयारी करणाऱ्यांना तर फारच. फॉर्ममध्ये प्रश्न असतो: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का? गावच्या जत्रेतल्या भांडणात नाव आलेलं असतं. मुलगा घाबरून 'नाही' लिहितो. पडताळणीत सापडतं. नोकरी जाते, कारण सांगतात: माहिती लपवली.

यावर २०१६ मध्ये अवतार सिंह खटल्यात तीन न्यायाधीशांनी नियम घालून दिले. माहिती खरीच द्यायची, हा पाया. पण लपवली म्हणून डोळे झाकून काढायचं नाही. गुन्हा किरकोळ होता का, वय काय होतं, निर्दोष सुटला का, कोणतं पद आहे, हे बघून ठरवायचं. गंभीर गुन्हा लपवला तर नोकरी जाऊ शकते. आणि सगळ्यात उपयोगाचं: फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंय, तेवढंच सांगणं बंधनकारक. गोलमोल प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाला खोटारडा ठरवता येत नाही.

त्यामुळे खरं लिहा. 'हो, गुन्हा दाखल होता, निर्दोष सुटलो' हे लिहिल्यावर नोकरी मिळायची शक्यता असते. 'नाही' लिहून सापडलात, तर जुना किरकोळ गुन्हा बाजूला राहतो आणि नवा आरोप लागतो खोटेपणाचा.

चार्जशीटच्या उत्तरालाही हेच लागू. अमेरिकेत १९९८ मध्ये लचान्स विरुद्ध एरिक्सन असा निकाल झाला. सरकारी कर्मचाऱ्यांनी मूळ आरोप नाकारताना खोटं सांगितलं होतं. कोर्ट एकमतानं म्हणालं, बाजू मांडायचा हक्क आहे, पण त्यात खोटं बोलायचा हक्क येत नाही, आणि त्या खोटेपणाची वेगळी शिक्षा देता येते. आपल्याकडे हा निकाल बांधील नाही, पण व्यवहारात तसंच घडतं. भावानं खरंच टेस्ट केली नसेल, आणि 'पाळी संपताना रजिस्टर पूर्ण करून टाक' असं वरून सांगितलं जात असेल, तर तेच सरळ सांगणं शहाणपणाचं. त्यानं आरोप संपत नाही, पण शिक्षेत फरक पडू शकतो.

शिक्षा जास्त वाटली तर?

इथं पुणे जिल्ह्यातला प्रसिद्ध निकाल येतो: भारत फोर्ज, २००५. ऑगस्ट १९८३ मध्ये एक कामगार सकाळी पावणेबाराच्या सुमारास कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. याआधी तीन वेळा तो गैरवर्तनात दोषी ठरला होता. बडतर्फी झाली आणि बावीस वर्षांनी सुप्रीम कोर्टानं ती कायम केली.

पण त्याआधी १९९८ मध्ये, महाराष्ट्रातल्याच कलर-केम कंपनीच्या केसमध्ये रात्रपाळीत झोपलेल्या कामगारांची बडतर्फी कोर्टाला धक्कादायक वाटली होती. आपल्या राज्याच्या १९७१ च्या एमआरटीयू-पीयूएलपी कायद्यात किरकोळ गैरवर्तनाला अवाजवी शिक्षा देणं ही अनुचित कामगार प्रथा मानलीय.

झोप तीच, निकाल वेगळे. पूर्वीचा रेकॉर्ड हे त्यामागचं मोठं कारण. म्हणून भावाची नऊ वर्षं, मेमो नसणं, मॉक ड्रिलचं एखादं प्रशस्तिपत्र, हे सगळं उत्तराला जोडायचं. मात्र पैशांची अफरातफर सिद्ध झाली की हा दरवाजा जवळजवळ बंद होतो. रक्कम लहान होती, हे कोर्टं सहसा ऐकत नाहीत.

आणि काढलंच तर?

खाजगी कंपनीतला कामगार कामगार न्यायालयाकडे जातो. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, तिथं न मिटल्यास पुढं. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षं होती, नव्या संहितेत दोन. एमआरटीयू-पीयूएलपीखालची तक्रार तर ९० दिवसांत करायची असते. नव्या संहितांमुळे कोणता अर्ज कुठं द्यायचा हे बदलतंय, त्यामुळे बडतर्फीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात युनियन किंवा कामगार कायद्याचा वकील गाठा. कंत्राटदाराच्या रोलवर असाल तर नेमणूक पत्र कुणी दिलं, पगार कुणाच्या खात्यातून येतो, ते कागद आधी जमवा. आणि 'सुपरवायझर' असा हुद्दा आहे म्हणून लगेच हात टेकू नका. प्रत्यक्ष काम काय करता, हे कोर्ट बघतं.

महापालिकेचा जवान आधी खात्यातलं अपील करतो आणि मग बऱ्याचदा मुंबई उच्च न्यायालयात रिट.

इथं एक गोष्ट कटू आहे, पण सांगायला हवी. चौकशी सदोष ठरली म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही. १९७३ च्या फायरस्टोन टायर खटल्यापासून ठरलेलं आहे की कंपनीची चौकशी सदोष असली, किंवा चौकशी झालीच नसली, तरी कंपनी कामगार न्यायालयात नव्यानं पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकते. सरकारी बाजूला कोर्ट अनेकदा म्हणतं, चौकशी पुन्हा करा. म्हणून नुसत्या तांत्रिक चुकांवर विसंबू नका. आपली खरी बाजू आणि तिचा पुरावा तयारच लागतो.

जिंकलात तर मधल्या काळाचा पगार? औरंगाबादच्या शिक्षिका दीपाली गुंडू सुरवसे यांच्या २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार मिळणं हा साधारण नियम. पण तुम्ही आधी सांगायचं की त्या काळात मला दुसरीकडे तितकी कमाई नव्हती. मग ती होती, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. त्यामुळे काढल्यानंतर जिथं जिथं कामासाठी अर्ज केलेत, त्याचे मेसेज आणि मेल जपून ठेवा.

त्या श्रोत्याला मी काय उत्तर दिलं

मी लिहिलं, "आत्ताच कोर्टात पळू नका. चार्जशीटला उत्तर द्यायची मुदत बघा. कमी असेल तर लेखी वाढवून मागा. फुटेज आणि पंप पॅनेलच्या नोंदी जपायचा अर्ज द्या. युनियनमधला जाणता माणूस सोबत घ्या. भत्ता मागा. चौकशीच्या प्रत्येक तारखेला जा, आणि कामकाजाचा कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. न पटलेलं काही असेल तर सहीशेजारी तसं लिहा."

आणि एक गोष्ट विचारली. "भावाला एकट्याला बसवून विचार, टेस्ट केली होती का? तुला खरं सांगू दे, मला नको."

दोन दिवसांनी त्याचा रिप्लाय आला. "विचारलं. केली होती म्हणतो. पंप हाऊसला मागनं पण दार आहे म्हणे, तिकडं कॅमेरा नाही. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नाही."

खरं-खोटं मला माहीत नाही. पण ते मागचं दार आता त्याच्या लेखी उत्तरात आहे, नकाशासकट. पुढची तारीख लागलीय. काय झालं ते त्याच्या परवानगीनं सांगेनच.

तुमच्या शॉपवर, तुमच्या टीममध्ये कुणाला असं पत्र आलं असेल, तर हा एपिसोड त्याला पाठवा. मुदत संपायच्या आत पाठवा.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.